जेवणाची आणि विश्रांतीची सुट्टी: मुंबईतल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकान, ऑफिस, हॉटेल, गोदाम, वर्कशॉप किंवा सोसायटीचं गेट अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. वाचण्याआधी दोन गोष्टी शोधून ठेवा. तुमच्या मालकाकडे एकूण किती माणसं कामाला आहेत, आणि तुमची जागा कायद्याच्या भाषेत 'आस्थापना' (दुकान, ऑफिस, हॉटेल वगैरे) आहे की 'कारखाना'. पुढची बरीच उत्तरं या दोन गोष्टींवर बदलतात.

जेवणाची सुट्टी हा हक्क आहे की मालकाची मर्जी?

हक्क आहे. मुंबईतली दुकानं, ऑफिसं, हॉटेलं, मॉल, सलून, कॉल सेंटर यांना 'महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७' लागू होतो. सलग काम किती तास करून घेता येईल याची मर्यादा त्यात आहे. ती मर्यादा येण्याआधी किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावीच लागते. नेमणूकपत्रात सुट्टीचा उल्लेख नसला तरी फरक पडत नाही. 'सुट्टी नको' असं तुमच्याकडून लिहून घेतलं असलं तरी त्याने कायदा बाजूला सरत नाही.

हा अर्धा तास या शहराने मागून मिळवला आहे. १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांच्या मागण्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. १८९१ च्या कारखाना कायद्यात ती विश्रांती आली. म्हणून सुपरवायझर 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' म्हणाला तर मान खाली घालायचं कारण नाही.

नेमकी किती तासांनी सुट्टी मिळाली पाहिजे?

२०१७ च्या मूळ कायद्यात सलग पाच तासांची मर्यादा होती. २०२५ च्या दुरुस्तीने ती सहा तास केली. त्याच दुरुस्तीने दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा झाले, आणि ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा एकूण वेळ साडेदहा तासांवरून बारा तासांवर गेला. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे. तासांचा हिशेब करताना ती नेहमी समोर ठेवा.

घड्याळात हे असं दिसतं. सकाळी १० ला काउंटरवर उभे राहिलात तर ४ वाजण्याच्या आत सुट्टी सुरू झाली पाहिजे. ४ ही शेवटची वेळ आहे, जेवायची ठरलेली वेळ नव्हे. डबेवाला साडेबाराच्या सुमारास डबा पोचवतो आणि पावणेचारला तो उघडायला मिळतो, ही वेळ कायद्यात बसली तरी माणसाला मानवत नाही. सुट्टी सुरुवातीपासून साधारण तीन-चार तासांनी यावी असं आमचं मत आहे, आणि पाळ्यांचं वेळापत्रक बनतानाच ही मागणी करावी. वेळापत्रक एकदा भिंतीवर लागलं की ते बदलून घेणं फार जड जातं.

सुट्टी शेवटच्या तासाला ढकलणं ही नेहमीची पळवाट आहे. १० ते ७ ड्युटी आणि सुट्टी साडेसहाला, म्हणजे साडेआठ तास सलग काम. कागदावर अर्धा तास दिसतो, पण मर्यादा मोडलेली असते.

पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या दिल्या तर चालतं का?

नाही. कायद्याला किमान अर्ध्या तासाची एक सुट्टी हवी आहे. चहाची दहा मिनिटं त्याशिवाय देता येतात आणि अनेक ठिकाणी देतातही, पण दोन-तीन चहा जोडून जेवणाची सुट्टी होत नाही.

सुट्टीत असताना फोन उचलायला, गिऱ्हाईक बघायला सांगतात. ती सुट्टी धरायची का?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नावर असतो.

सुट्टी म्हणजे त्या वेळात तुमच्यावर कामाची जबाबदारी नाही. दादर-परळच्या दुकानात सेल्समन काउंटरमागे स्टुलावर बसून डबा खातो, गिऱ्हाईक आलं की हात पुसून उठतो, साडीचा गठ्ठा सोडतो आणि परत बसतो. हा अर्धा तास कामात धरायला हवा. पॅथॉलॉजी लॅबमधली मुलगी एका हाताने पोळी खात दुसऱ्या हाताने रिपोर्टचे फोन घेते, तिचीही सुट्टी झालेली नाही. वॉकीटॉकी चालू ठेवून जेवणारा मॉलचा हाउसकीपिंग सुपरवायझरही त्यातच आला.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. जागा सोडून खाली जाऊन येता येतं का? त्या वेळात काम आलं तर ते दुसरं कोणी बघतं का? फोन बंद ठेवला तर कोणी रागावतं का? पहिल्या दोनांचं उत्तर 'नाही' आणि तिसऱ्याचं 'हो' असेल तर तुम्ही ड्युटीवरच आहात.

बऱ्याचदा यामागे मालकाचा दुष्टपणा नसतो. काउंटरवर एकच माणूस नेमलेला असतो आणि त्याच्या जागी उभं राहायला कोणी नसतं. त्यामुळे मागणी 'सुट्टी द्या' एवढीच करू नका. '१ ते दीड या वेळात माझ्या जागी कोण उभं राहील, त्याचं नाव वेळापत्रकात लिहा' अशी करा. बदली माणसाचं नाव लिहिलं की सुट्टी खरोखर मिळायला लागते. दोन माणसं असतील तर पहिला १२.३० ला, दुसरा १.१५ ला, अशी मध्ये पंधरा मिनिटांची जागा सोडा. पहिल्याला उशीर झाला तरी दुसऱ्याची सुट्टी खाल्ली जात नाही.

सुट्टीचा वेळ कामाच्या तासांत मोजतात का? पगार कापता येतो का?

रोजचे कामाचे तास मोजताना खरी, मोकळी सुट्टी वगळतात. ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा एकूण वेळ मोजताना ती धरतात. सकाळी ११ ते रात्री ८, मध्ये एक तास सुट्टी, यात काम आठ तास आणि एकूण वेळ नऊ तास. आठवड्याला सहा दिवस असं झालं की बरोबर ४८ तास भरतात. त्यावर एक तासही चढला तर तो ओव्हरटाइम.

महिन्याचा किंवा रोजाचा पगार ठरलेला असेल तर सुट्टी घेतली म्हणून त्यातून पैसे कापता येत नाहीत. बायोमेट्रिक यंत्रात मात्र अडचण असते. काही ठिकाणी ते प्रत्येकाच्या तासांतून रोज एक तास आपोआप वजा करतं, माणूस जेवायला उठला असो वा नसो. महिनाअखेर पंचिंगचा तक्ता मागून घ्या आणि आपल्या वहीशी ताडून बघा.

हॉटेलात 'ब्रेक ड्युटी' असते. सकाळी ७ ते १२, मग संध्याकाळी ६ ते ११. मधले सहा तास सुट्टीच आहे ना?

मधला वेळ कितीही मोठा असला तरी पहिल्या हजेरीपासून शेवटच्या हजेरीपर्यंतचा एकूण वेळ बारा तासांच्या आत हवा. इथे तो सोळा तास होतो, म्हणजे नियम मोडला. कामाचे तास दहाच आहेत हे उत्तर पुरेसं नाही. ज्याचं घर वसईला किंवा डोंबिवलीला आहे, तो त्या सहा तासांत घरी जाऊन झोपून परत येऊ शकत नाही. तो हॉटेलच्या माळ्यावर किंवा स्टेशनच्या बाकावर पडून राहतो. एकूण वेळेवर मर्यादा असते ती यासाठीच.

सुट्टी दिलीच नाही तर त्या अर्ध्या तासाचे पैसे मिळतात का?

त्या अर्ध्या तासामुळे कामाची मर्यादा ओलांडली गेली असेल तर हो, आणि दुप्पट दराने.

समजा ड्युटी ११ ते ७.३० आहे, त्यात अर्धा तास सुट्टी, आठवड्याला सहा दिवस. काम ४८ तास. सुट्टी रोज बुडाली तर काम ५१ तास होतं, म्हणजे आठवड्याला तीन तास ओव्हरटाइम. पगार १८,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर ताशी सुमारे ८६ रुपये ५४ पैसे येतात. दुप्पट केले की सुमारे १७३ रुपये. महिन्याला २६ अर्धे तास म्हणजे १३ तास, त्यांचे २,२५० रुपये. एवढी रक्कम दर महिन्याला तुमच्या खिशातून जात असते.

पैसे दिले म्हणून सुट्टी न देण्याची मुभा मात्र मिळत नाही. दुप्पट दर जास्तीच्या कामाचा आहे, सलग कामाची मर्यादा त्यापासून वेगळी आहे. ओव्हरटाइमलाही सीमा आहे. तीन महिन्यांत १२५ तास होती, दुरुस्तीनंतर ती १४४ आहे.

सुट्टी न घेता अर्धा तास लवकर निघालो तर?

विरारची किंवा कर्जतची गाडी पकडणाऱ्यांना हे हवंहवंसं वाटतं, हे आम्ही समजू शकतो. तरी सलग कामाची मर्यादा ओलांडत असेल तर दोघांच्या संमतीनेही तसं करता येत नाही. ड्युटी सहा तासांच्या आत संपत असेल तर प्रश्नच नाही.

आमच्या दुकानात सहाच माणसं आहेत. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

या कायद्याची सगळ्यात मोठी उणीव इथे आहे. २०१७ चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीने तो आकडा वीस झाला. त्याहून लहान जागांनी फक्त आपली माहिती कळवायची असते, कामाच्या तासांची कलमं त्यांना लागत नाहीत. गल्लीतल्या दुकानात बारा तास उभ्या राहणाऱ्या मुलाला संरक्षणाची गरज कमी नसते, उलट जास्त असते, आणि हे बदलायला हवं असं आम्हाला ठामपणे वाटतं.

माणसं मोजताना मात्र नीट मोजा. कंत्राटदाराकडून आलेले कामगार कायद्याच्या व्याख्येत येतात. झाडलोट करणारी बाई, गोदामातले हमाल, डिलिव्हरीचा मुलगा यांना सोडून आकडा सांगितला जात असेल तर तो खरा आकडा नाही. आकडा खरोखरच कमी असेल तर मालकाशी बोलून सुट्टीची वेळ लेखी ठरवून घ्या. मालकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला 'ठीक आहे, २ ते २.३०' हा संदेशही कामाला येतो.

कारखान्यात काय नियम आहे?

१९४८ च्या कारखाना कायद्यात पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुट्टी होती आणि आठवड्याला ४८ तास. अनेक वर्कशॉपांची वेळापत्रकं अजून त्याच पायावर चालतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२०' लागू झाली. तिच्यात दिवसाचे आठ तास हे मूळ माप आहे, आणि मधल्या सुट्ट्या व एकूण वेळ ठरवण्याचं काम सरकारच्या अधिसूचनेवर सोडलं आहे. त्यामुळे कारखान्याच्या फळ्यावर लावलेली कामाच्या वेळांची नोटीस कोणत्या तारखेची आहे ते आधी बघा. जुनी पिवळी पडलेली नोटीस तशीच टांगून आत वेगळ्या वेळा चालवणं, हा साकीनाका-अंधेरीच्या गाळ्यांत हमखास दिसणारा प्रकार आहे.

कँटीन, जेवायची खोली, बसायची सोय?

कँटीनसाठी १०० कामगारांचा आकडा आहे, आस्थापनेतही आणि नव्या संहितेतही. ५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची आणि डबा खाण्याची खोली हवी. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय करण्याची तरतूदही संहितेत आहे. केरळ आणि तामिळनाडूने दुकानांतल्या कामगारांचा बसण्याचा हक्क राज्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिला आहे. महाराष्ट्रानेही तो लिहावा.

कंत्राटी कामगारांना 'तुमचं कँटीन तुमच्या कंत्राटदाराला विचारा' असं सांगतात. ते चुकीचं आहे. कामाच्या ठिकाणच्या कल्याणकारी सोयी मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्या जागेत काम चालतं त्याने, द्यायच्या असतात.

मी सोसायटीत सिक्युरिटी गार्ड आहे. बारा तासांची ड्युटी, गेट सोडता येत नाही.

गेटवर खुर्चीत बसून डबा खाताना गाड्यांसाठी अडसर उचलावा लागत असेल तर ती सुट्टी नाही. उपाय एकच, रिलिव्हर, म्हणजे तेवढा वेळ तुमच्या जागी उभा राहणारा माणूस. दोन गेट असतील तर एक गेट अर्धा तास बंद ठेवून दुसऱ्यावर वाहतूक वळवता येते. एकच गेट असेल तर एजन्सीने फिरता माणूस द्यायला हवा, किंवा सोसायटीच्या मॅनेजरने तो अर्धा तास उभं राहायला हवं. तुमचा मालक सहसा एजन्सी असते, म्हणून अर्ज एजन्सीला द्या आणि प्रत सोसायटीच्या सचिवांना. सोसायटीचे सभासद हे वाचत असतील तर एजन्सीच्या करारात 'जेवणासाठी रिलिव्हर' ही ओळ आहे का ते बघा. स्वस्तातल्या करारात सगळ्यात आधी तीच ओळ गळते.

कॉल सेंटरमध्ये लघवीला जाण्याची मिनिटंही मोजतात.

लघवीला जाणं ही शरीराची गरज आहे, विश्रांतीची सुट्टी नव्हे. ती मिनिटं जेवणाच्या अर्ध्या तासातून वजा करणं गैर आहे. स्वच्छतागृह देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि ते वापरूच न देणं म्हणजे ती सोय नाकारणं. मधुमेह, गरोदरपण, मूत्रमार्गाचा त्रास असेल तर डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी एचआरला ईमेलने पाठवा. तोंडी सांगितलेलं टीम लीडर बदलला की विसरलं जातं.

माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. दूध पाजायला वेगळी सुट्टी मिळते का?

हो. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय रोज आणखी दोन सुट्ट्या मिळतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. या चारांत जेवणाच्या सुट्टीतली फेरी धरलेली आहे. प्रसूती रजेवरून परत येण्याआधीच वेळा लेखी कळवा.

नावाला 'मॅनेजर' केलंय. मला सुट्टीचा नियम लागत नाही म्हणतात.

व्यवस्थापकीय, गोपनीय किंवा देखरेखीच्या पदांवरच्या लोकांना आस्थापना कायद्यातून सूट आहे, आणि अशा लोकांची यादी मालकाने लावून ठेवायची असते. यादी मागा. पदाच्या नावापेक्षा काम महत्त्वाचं. रजा मंजूर करणं, माणसं नेमणं, कामाचं वाटप करणं यातलं काहीच तुमच्या हातात नसेल आणि तुम्ही दिवसभर बिलंच फाडत असाल, तर 'स्टोअर मॅनेजर'चा बिल्ला पुरेसा नाही.

उपवास किंवा रोजा असेल तर?

सुट्टी विश्रांतीची आहे, फक्त जेवणाची नव्हे. उपवासाच्या दिवशीही ती मिळते. रोजा असेल तर सुट्टीची वेळ बदलून मागता येईल, पण सलग तासांची मर्यादा सांभाळून.

डिलिव्हरी अॅपवर काम करतो.

अॅपवाले तुम्हाला कामगार न मानता भागीदार मानतात, त्यामुळे सुट्टीचं कलम आज थेट लागत नाही. पण दुकानाने किंवा डार्क स्टोअरने (फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरणाऱ्या गोदामाने) पगारावर ठेवलं असेल तर तुम्ही तिथले कामगार आहात आणि वरचं सगळं लागू होतं.

दुकानात सोळा वर्षांचा मुलगा कामाला आहे.

१४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवताच येत नाही. इतर ठिकाणी सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती. विश्रांती धरून दिवसाला एकूण सहा तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम नाही, ओव्हरटाइम अजिबात नाही. मूल १४ पेक्षा लहान असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवा.

मस्टरवर सगळ्यांची सुट्टी '१.०० ते १.३०' आधीच छापलेली असते. सही करू का?

सही नाकारून भांडण ओढवण्यापेक्षा सहीशेजारी खरी वेळ लिहा. तसं करू देत नसतील तर त्याच दिवशी सुपरवायझरला संदेश पाठवा: 'आज ३.४० ला जेवायला बसलो, ३.५० ला परत बोलावलं.' शिवाय स्वतःची वही ठेवा. तारीख, कामाची सुरुवात, सुट्टी कधी सुरू, कधी संपली, मध्ये कोणी बोलावलं, निघायची वेळ. रोजच्या रोज लिहिलेल्या चार आठवड्यांच्या वहीला वजन असतं. तक्रारीच्या आदल्या रात्री एका पेनाने लिहून काढलेली वही पटकन ओळखू येते.

तक्रार कुठे करायची, आणि नोकरी गेली तर?

आधी मालकाला किंवा एचआरला लेखी कळवा आणि सात दिवस द्या. शक्यतो एकट्याने नको. पाच-सहा जणांच्या सह्या असलेला अर्ज कोणा एकाला लक्ष्य करू देत नाही. युनियन असेल तर तिच्यामार्फत जा आणि आधीच्या करारात सुट्टी कायद्यापेक्षा जास्त लिहिली आहे का ते बघा. असेल तर ती जास्तीची सुट्टी तुमची.

तेवढ्याने भागलं नाही तर मुंबई शहर आणि उपनगरातल्या दुकानं-ऑफिसांसाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातलं दुकाने व आस्थापना खातं. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला आता 'सुविधाकार' म्हणतात. कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे, आणि कारखान्यांच्या तक्रारी घेणारं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयही तिथेच. बँक, रेल्वे, बंदर, विमानतळ अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या जागांसाठी शीवचं श्रम रक्षा भवन गाठा. चुकीच्या दारात गेलात की अर्ज महिनोन्‌महिने इकडून तिकडे फिरतो.

अर्जात आस्थापनेचं पाटीवर लिहिलेलं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लिहा. हा क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर असतो, ज्याला मुंबईत अजून सगळे गुमास्ताच म्हणतात. मग एकूण कामगार, ड्युटीची वेळ, सुट्टी न मिळालेल्या तारखा आणि काय हवं ते एका वाक्यात. 'छळ होतो' लिहिण्यापेक्षा '३ ते २८ तारखेपर्यंत १९ दिवस सहा तासांच्या आत सुट्टी नाही' हे लिहा. सोबत वहीच्या झेरॉक्स आणि संदेशांचे छापील कागद जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का व तारीख घ्या. आस्थापना कायद्यात उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नाव गुप्त ठेवावं अशी विनंती अर्जातच लिहा. तपासणीत सगळ्यांचीच मस्टर मागवली जाते, त्यामुळे अर्ज कोणाचा ते उघड न करताही चौकशी होऊ शकते.

बुडालेल्या ओव्हरटाइमच्या पैशांचा दावा वेगळा असतो. वेतन संहितेनुसार तो तीन वर्षांच्या आत करायचा. नोकरी सोडली किंवा गेली तरी तो दावा संपत नाही, म्हणून निघताना वही, पगाराच्या स्लिपा आणि ओळखपत्राचा फोटो बरोबर घ्या.